चांद्याचा हंबर

शाळेमागच्या खोलीत मी खिचडी शिजवते.
एकशे बारा पोरं, अकरा किलो तांदूळ,
हळदीनं बोटं पिवळी ती पिवळीच.
त्या दिवशी दुसरीच्या वर्गातून हसण्याचा लोंढा आला,
खिडकीच्या गजांतून थेट माझ्या गंजापर्यंत.
मीही हसले,
कशाला ते ठाऊक नसताना.

त्या रात्रीपासून भूपेश बोलेना.
ताप नाही, पोट दुखत नाही,
भाकर खातो, मान हलवतो,
कडुलिंबाला टेकून काडीनं माती उकरत बसतो.
देवकाबाईनं मीठ-मिरची ओवाळली.
बापानं जिनिंगवरून येताना कुरकुरे आणले,
"काहून रे, कोणी मारलं का?"
दोनदा हळू, तिसऱ्यांदा मोठ्यानं.
पोरानं पाकीट न फोडता फळीवर ठेवलं.

फळीवर चांद्या होता,
गेल्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल.
एक चाक हरवलेलं, तिथं तेलाच्या डबकीचं झाकण,
चालला की लंगडतो, खट्ट-खर्र, खट्ट-खर्र.
चौथ्या दिवशी मी त्याला खाली घेतला
आणि पोराशी नाही, बैलाशी बोलले:
"काहून रे चांद्या, हंबरत नाहीस?"
चांद्या गप्प. मग मीच लागले सांगायला,
एक होता बैल, त्याचा हंबर हरवला...

"हरवला नाही."
माझा हात पिठात होता, तो तिथंच राहिला.
"लपवला त्यानं."
कुठं?
"कुटारात."

पुढचा प्रश्न जिभेवर आला होता.
पण बादली विहिरीच्या गाळात रुतली
की हिसका देत नाहीत, दोर तुटतो.
मी चांद्याला वाटीतलं पाणी दाखवलं
आणि निजवलं.

दुसऱ्या रात्री हंबर कुटारातून निघून
पऱ्हाटीच्या ढिगाखाली गेला होता.
तिसऱ्या रात्री नाल्यापलीकडे, पळसाच्या ढोलीत.
मी रोज शोधायला निघायची,
चिंध्यांची शेपटी लावून, सारवलेल्या जमिनीवर रांगत,
आणि रोज मला सापडायचा नाही.
बाप खाटेवरून बघायचा.
चौथ्या रात्री तोही उतरला, म्हणाला, मी पळस होतो.
सहा फुटांचा माणूस,
हात पसरून, डोळे मिटून उभा.

पळसाच्या पोटाशी तोंड नेऊन
पोरानं झाडाला सांगितलं:
"चांद्या म्हणे, मले पाणी पाहिजे.
तं नवे सर म्हणाले, मले नाही, मला म्हण.
मंग सगळे बैल हसले."

पळस हलला नाही. बरं झालं.

मला मात्र तो लोंढा आठवला,
गजांतून माझ्या गंजापर्यंत आलेला.
त्यात एक हसू माझं होतं.
घासात खडा यावा
तसं ते आत्ता दाताखाली आलं.

गोष्टीला शेवट हवा होता आणि माझ्याकडे नव्हता.
"चांद्याच्या मायलेबी 'मला' म्हणता येत नाही," मी म्हटलं,
"तिलेबी 'मले'च येते. ते हंबरून पाह्यते, बरं?"
आणि हंबरले. बेसूर, घसा फाटेस्तोवर,
इतकं की देवकाबाईच्या गोठ्यातून
खऱ्या गाईनं उत्तर दिलं.
भूपेशनं आधी ओठ दाबले, मग पोट धरलं.
"तसं नाही वो माय! आण इकडे, मी दाखवतो."

निजताना बाप म्हणाला,
"दोन्ही ठेव. एक अंगणातला, एक फळ्यावरचा.
बैलाले शिंगं दोनच असतात ना."
पोरगं काही बोललं नाही.
झोपेत चांद्याचं झाकण तेवढं फिरवत राहिलं.

शुक्रवारी वर्गातून पुन्हा हसणं आलं.
मी सराटा हातात तसाच धरून खिडकीशी गेले.
तीस पोरांचे आवाज,
एकेक वेगळा करत उभी राहिले,
तांदूळ निवडावे तसे.
मागे खिचडी बुडाला लागत होती.